रिंगांवरचं कुंकू

गेल्या हिवाळ्यात कनेरगाव नाक्यावरच्या एका धाब्यावर मी चहा घेत होतो. शेजारच्या बाजेवर खडी क्रशरवरचे दोन ऑपरेटर जेवत होते, एक जुना आणि एक नुकताच कामाला लागलेला. जुना त्याला सांगत होता, "मोटार सुरू करायच्या आंधी हँडल पाह्यत जाय. न्हाई तं शिरडवाला व्हशील."

"शिरडवाला म्हंजे?"

"व्हता एक. शिरड शहापूरचा. हँडल रनलाच ठेवलं अन् मोटार जाळली पठ्ठ्यानं."

"तुमी पाह्यला का त्याला?"

"म्या कुठून पाहू? माझ्या आंधीचा. पण समदे म्हन्तात."

दोघं हसले आणि भाकरीकडे वळले. मी चहा अर्धाच ठेवून उठलो. धाब्यावरच्या पोराने हाक मारली, "बाबा, चहा ऱ्हायला," तरी मागे पाहिलं नाही.

ज्या माणसाबद्दल ते बोलत होते त्याने मोटार जाळली नव्हती. त्याने हँडल रनला ठेवलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते हँडल मी फिरवलं होतं. तेरा-चौदा वर्षं झाली. इतके दिवस मला वाटत होतं की गोष्ट जुनी झाली, लोक विसरले. लोक विसरले नव्हते. त्यांनी त्याच्या गावाची म्हण करून ठेवली होती.

मी हिंगोलीत चाळीसेक वर्षं मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचं काम केलं. आता बाहत्तर वर्षांचा आहे, दुकान बंद आहे. ज्यांनी मोटार आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी नेमकं काय केलं ते कळणार नाही.

विहिरीवरची मोटार साधी असते. खडी फोडायच्या मशीनला सुरुवातीलाच मोठा जोर लागतो, म्हणून तिथे रिंगवाली मोटार बसवतात. मोटारीचा बाहेरचा भाग जागेवर असतो आणि आतला, म्हणजे रोटर, फिरतो. सुरू होताना रोटरमधल्या तारा बाहेरच्या स्टार्टरच्या पेटीशी जोडाव्या लागतात. पण फिरत्या वस्तूला तार बांधता येत नाही, दोन फेऱ्यांत पीळ पडून तुटेल. म्हणून रोटरच्या दांड्यावर तीन पितळी कडी बसवलेली असतात. त्या रिंगा. त्या फिरत राहतात आणि त्यांच्यावर कार्बनचे तुकडे स्प्रिंगच्या दाबाने टेकून असतात. कार्बन जागेवर, रिंग फिरती, आणि त्या नुसत्या टेकण्यातून वीज इकडची तिकडे जाते. म्हणून रिंगेची पाठ आरशासारखी लागते आणि कोरडी लागते. तिच्यावर तेल चालत नाही, धूळ चालत नाही. दोन रिंगांच्या मधल्या फटीत तर काहीच असून चालत नाही.

मोटारीने वेग घेतला की बाजूचं एक हँडल फिरवायचं. त्याने रिंगा आतल्या आत जोडल्या जातात आणि कार्बन वर उचलले जातात. हँडलच्या जागा दोन, स्टार्ट आणि रन. मोटार बंद केली की हँडल आठवणीने स्टार्टला आणायचं. ते रनलाच राहिलं आणि कोणी मोटार सुरू केली, तर ती एकदम सगळा करंट ओढते आणि जळते. ऑपरेटरचं निम्मं काम म्हणजे ते हँडल.

हे जिथे घडलं ते क्रशर कनेरगाव नाक्याच्या अलीकडे होतं. तिथला ऑपरेटर तेव्हा पस्तिशीचा असेल. शिरड शहापूरच्या बौद्ध घरातला, बायकोसह क्रशरच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. शाळा फार झाली नव्हती, पण कान असा की मोटारीचा आवाज जरा बदलला की माझ्या दुकानात फोन यायचा. "मिस्त्री, मधला कार्बन कुरकुर करून राहिला." मी जाऊन झाकण उघडायचो तर मधलाच कार्बन झिजलेला असायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. आणि खरं सांगायचं तर थोडं टोचायचंही. जे मला झाकण उघडून, डोळ्याने पाहून कळायचं ते त्याला दहा पावलांवरून कळायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात क्रशर बंद असताना मी ती मोटार दुकानात आणून पूर्ण खोलली. रिंगांना खाचा पडल्या होत्या. लेथवर नेऊन त्या सारख्या करून घेतल्या. मग पॉलिश पेपरने दोन दिवस घासल्या. नवे कार्बन घातले, रिंगेभोवती पेपर गुंडाळून एकेक कार्बन त्यावर ओढला, त्याच्या पोटाला रिंगेची गोलाई येईपर्यंत. आयुष्यात इतकं चांगलं काम मी दोन-तीनदाच केलं असेल. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मोटार परत बसवली. दसऱ्याला क्रशर सुरू व्हायचं होतं.

खंडेनवमीला तिथे सगळ्या मशीनची पूजा होती. मालक, त्यांची म्हातारी आई आणि कामावरचे सगळे जण होते. घण, पहारी, लोडर, सगळ्यांना धुऊन पुसून ठेवलेलं. आमच्याकडे हत्याराला तेलाचं बोट लावतात, म्हणून वाटीत हळद आणि कुंकू तेलातच कालवलेलं होतं. आम्ही मोटारीपाशी आलो तेव्हा मी रिंगांवरचं झाकण मुद्दाम उघडलं. माझं काम लोकांनी पाहावं, एवढ्यासाठीच.

"हे काय रे, सोन्याच्या पाटल्यावानी चमकून राहिलं?" मालकांच्या आईने विचारलं.

"रिंगा हाय, माय. मोटारीचा जीव हाय हा," मी म्हणालो.

"मंग जिवालाच कुंकू न्हाई का लावायचं?"

तिने नुसतं विचारलं होतं. 'बॉडीला लावलंय, तेवढं पुरे' असं मी म्हटलं असतं तर ती पुढच्या मशीनकडे गेली असती. पण मी वाटी हातात घेतली.

ऑपरेटर मागे उभा होता. पूजेला तो हात लावायचा नाही, पण पुसापुशीत सगळ्यांच्या पुढे असायचा. तो पुढे येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, रिंगांवर नगा लावू. कार्बन टेकनार न्हाई बराबर. बॉडीला लावलं तं पावलं की."

हॉपरवर, म्हणजे मशीनमध्ये दगड ओतायच्या तोंडावर, काम करणारा एक जण हसला. "आता ऑपरेटर मिस्त्रीला शिकवून राहिला."

पुढचं वाक्य मी तेव्हा बोललो तसंच लिहितो. मी म्हणालो, "तुमच्यात पूजा नसते. तुला यातलं काय कळतं?"

तो म्हणाला, "पूजेतलं न्हाई कळत, मिस्त्री. कार्बनातलं कळते."

मग मी मागे कसा हटणार? तिन्ही रिंगांवर पाच-पाच बोटं ओढली, हळदीची आणि कुंकवाची. तेल ओघळून फटीत उतरलं. मला ते दिसलं. झाकण लावताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सकाळी मी येऊन पुसून देतो. तोवर झाकणाला कोणी हात लावायचा नाही." हे शेवटचं वाक्य त्याला उद्देशून होतं. तो पुसेल, आणि त्याने पुसलं म्हणजे त्याचं खरं ठरेल, हे मला नको होतं.

दसऱ्याला सकाळीच माझ्याकडे जावई आले, नवी चारचाकी घेऊन. तिची पूजा, फराळ, शेजारच्यांना गाडी दाखवणं. आठच्या सुमाराला फोन वाजला.

"मिस्त्री, निघाले का?"

"काहून?"

"रिंगा पुसायच्या हाय न. मालक नऊचा मुहूर्त म्हनून राहिले."

मी गाडीत बसलेलो होतो. काचा कशा वर-खाली होतात ते जावई दाखवत होते. नाक्यापर्यंत जायचं, कपडे खराब करायचे, परत यायचं. मी म्हणालो, "अरे पुसल्यात मी. काल तुम्ही जेवायला बसले तेव्हाच पुसल्या. कर सुरू."

"बराबर पुसल्या?"

"तू मला विचारतो का?"

"न्हाई, तसं न्हाई. मंग करतो."

मला वाटलं, तेलाचं बोट ते काय, दोन फेऱ्यांत झटकून जाईल. जन्मभर मोटारी भरणाऱ्या माणसाला असं वाटावं, याला मी आजही नाव शोधतो आहे. अज्ञान म्हणता येत नाही.

दहा वाजता मालकांचा फोन आला. मोटारीने वेग उचललाच नव्हता. गुरगुरत अर्ध्या वेगाने फिरली, रिंगांभोवती ठिणग्यांची माळ लागली, ऑपरेटरने मेन स्विच पाडेपर्यंत भडका उडून झाकण बाजूला पडलं होतं.

मी दुपारी पोचलो. मालकांनी ऑपरेटरला मोटारीजवळ यायची मनाई केली होती. तो लांब, खडी चाळायच्या मोठ्या चाळणीच्या सावलीत उभा होता. बाकीचे खडीच्या ढिगावर बसले होते. मी एकटाच मोटारीपाशी गेलो आणि वाकून पाहिलं. हँडल स्टार्टला होतं. जसं असायला पाहिजे तसं. आणि मधल्या व बाहेरच्या रिंगेच्या मधे डांबरासारखा काळा थर भाजून बसला होता. तेलाला दगडाची आणि कार्बनची भुकटी चिकटली होती आणि वीज रिंगेवरून रिंगेवर त्या वाटेने गेली होती. हळद कुठे दिसत नव्हती. कडेला काळपट लाल मात्र दिसत होतं.

मी चिंधी पेट्रोलमध्ये भिजवली. पुसायचं तर कार्बन वर उचलायला हवे होते, म्हणून हँडल फिरवून रनला आणलं. एवढ्यापर्यंत ते कामाचाच भाग होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. मी नीट पुसलं. फटीतलं नखाने खरवडून काढलं. चिंधी खिशात घातली. हँडल रनलाच राहिलं होतं. ते परत आणायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण मला मिळालाही. मालकांची पावलं मला ऐकू येत होती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

मालक वाकले. "हे रनला हाय न?"

मी खिशातून डोकावणारं चिंधीचं टोक आत खोचलं.

"मिस्त्री, हे रनला हाय न?"

"हो," मी म्हणालो.

त्यांना आपल्या भागीदाराला दाखवायला कागद हवा होता. मी पिशवीतून माझ्या दुकानाच्या छापील कागदांचं पुस्तक काढलं आणि लिहिलं, 'हँडल रनला असताना मोटार सुरू केल्यामुळे जळाली. ऑपरेटरचा हलगर्जीपणा.' खाली सही केली. मालकांनी तो कागद सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचला.

ऑपरेटर म्हणाला, "मालक, म्या हँडल पाह्यलं होतं. स्टार्टला होतं."

"मंग काय मिस्त्री खोटं बोलून राहिले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाने-पकडी पिशवीत भरत होतो. मग तो म्हणाला, "मिस्त्री काहून खोटं बोलतील."

हॉपरवाला हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पूजेला हात लावत न्हाई, अन् मोटारीला लावतो. मंग दुसरं काय व्हनार?" कोणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.

त्याच संध्याकाळी नवरा-बायको सामान घेऊन नाक्यावर गाडीची वाट पाहत उभे होते. मी मोटारसायकलवरून तिथूनच गेलो. आजूबाजूच्या दुसऱ्या क्रशरवर त्याने काम मागितलं, पण कागदाची गोष्ट त्याच्या आधी पोचलेली असायची. मोटारीला कोणी हात लावू देईना. काही महिने त्याने ट्रकमध्ये खडीच्या पाट्या टाकल्या आणि मग गावी परत गेला, असं मला कळलं.

धाब्यावरच्या त्या दिवसानंतर मला घरात बसवेना. जेवताना उठायचो, पेपर वाचताना उठायचो. बायकोने विचारलं, "काय हरवलं का?" मी म्हणालो, काही नाही. आठवड्याभराने मी हिंगोलीच्या स्टँडवरून, शिरड शहापूरवरून जाणाऱ्या वसमतच्या गाडीत बसलो. अर्ध्या वाटेत औंढ्याला गाडी थांबली तेव्हा उतरलो, पाणी प्यायलो आणि समोरून आलेल्या गाडीने घरी परतलो. दुसऱ्यांदा शिरड शहापूरला उतरलो, एका दुकानात त्याचं घर विचारलं, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तो दारात बसून दोरी वळत होता. डोकं पांढरं झालं होतं. मी तिथूनच वळलो. हे लिहितानाही दोनदा उठून अंगणात चकरा मारून आलो आहे.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हळदीचे दिवस होते. घरापुढे उकडलेली हळद वाळत घातली होती आणि तो पायाने ती उलथीपालथी करत होता. त्याने मला आधी ओळखलं.

"मिस्त्री? तुमी इकडं काहून?"

"तुमच्याकडेच आलो," मी म्हणालो. पूर्वी मी त्याला अरे-तुरे करायचो. त्या दिवशी जीभ वळली नाही.

त्याने खुर्ची आणली. बायकोने पाणी दिलं. मोटारी कशा हलक्या येऊन राहिल्या, तार कशी ॲल्युमिनियमची घालतात, असं तोच बोलत राहिला. मी उठलो, पुन्हा बसलो.

"कंबर दुखते का?" त्याने विचारलं.

मग मी सांगितलं. रिंगा पुसल्या नव्हत्या इथपासून सुरुवात केली आणि कागदापर्यंत आलो. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो.

तो हळदीकडे पाहत होता. तिकडेच पाहत म्हणाला, "कोनत्या रिंगेत जळालं?"

"मधली आणि बाहेरची, यांच्या मधात."

"अन् हँडल?"

"स्टार्टला होतं."

"तुमी डोळ्यानं पाह्यलं?"

"पाहिलं. मग माझ्या हातानं रनला नेलं."

त्याने उजवा हात पुढे केला आणि हवेतच मूठ वळवली, कोपरापासून, हँडल स्टार्टला आणताना वळवतात तशी. "म्या असं केलं होतं," तो म्हणाला. "दोन महिने मला सोताला पक्कं आठवत होतं. मंग मी म्हनलो, रिंगा तं मिस्त्रीनं पुसल्या. मंग जळाली कशानं? दुसरं काही उरतच न्हाई. म्हंजे माझ्याच हातून ऱ्हायलं असन. तवापासून ते आठवनंच गेलं. असं केलं का न्हाई केलं, काही दिसत न्हाई डोळ्यापुढं."

मी शिरडला जाताना मनात तयारी करून गेलो होतो. तो चिडेल, शिव्या देईल, कदाचित मारेलही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असेल आणि म्हणून स्वतःवरचा सोडला असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मिस्त्री, हा मानूस कडी लावतो, चार पावलं जातो, अन् वापस येऊन कडी पाह्यतो. गॅसचा खटका तीनदा पाह्यतो. पोरीच्या लग्नात गाडीत बसलेला उतरला, म्हने पंप बंद केला का पाहून येतो. वऱ्हाड खोळंबलं. समदे हसले. म्या बी हसले." मग ती आत गेली आणि आतून म्हणाली, "तुमचा कागद लई मोठा, मिस्त्री. आमच्या मानसाचा हात त्याच्यापुढं ल्हान पडला."

मी त्याला म्हणालो, "माफी मागायला आलो."

"माझ्यापाशी मागून काय व्हते?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "म्या थोडंच मला काढलं? जिथं कागद वाचला तिथं जा. दुसरा कागद ल्ह्या अन् तसाच वाचा. मोठ्यानं."

"तुम्ही चला सोबत."

"म्या येत न्हाई. म्या आलो तं म्हनतील, यानंच मिस्त्रीला धरून आनलं, म्हाताऱ्याकडून वदवून घेतलं. तुमी एकले जा."

दुसऱ्याच दिवशी गेलो. दुकानाच्या कागदांचं पुस्तक घरात शोधून काढलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. सगळं लिहून, सही करून नेलं. क्रशर अजून त्याच मालकांचं आहे. त्यांची आई वारली. ते ऑफिसच्या खोलीत होते, मी त्यांना बाहेर बोलावलं. जेवणाची सुट्टी होती. जुन्यांपैकी तो हॉपरवाला आणि लोडरचा ड्रायव्हर, दोघंच होते. बाकी तीन-चार नवे.

मी दोन ओळी वाचल्या तेवढ्यात मालकांनी हात वर केला. "थांबा. आईनं कुंकू लावायला सांगितलं असं ल्ह्यून ठेवलं का तुमी?"

"आईने विचारलं. लावलं मी."

"पन आईचं नाव कागदावर काहून पाह्यजे? वारलेल्या मानसाला काहून गोवता? झालं गेलं, मिस्त्री. आता त्याला काय मोटार चालवायची हाय का?"

ज्या माणसाची चूक नव्हती त्याचं नाव तेरा-चौदा वर्षं राहिलं तर चाललं, आणि जिने नुसतं विचारलं तिचा उल्लेख एक दिवस चालेना. पण हे बोलायचा अधिकार मला नव्हता. मी खिशातलं पेन काढलं, तेवढी ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, 'मी माझ्या मनाने लावलं.' ते खरंच होतं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वाचून झाल्यावर हॉपरवाला म्हणाला, "म्हंजे शेवटी पूजेनंच जळाली म्हना की." नवे हसले.

"पूजेने नाही. माझ्या आळसाने आणि माझ्या तोऱ्याने," मी म्हणालो. "आणि तुम्ही त्या दिवशी जे बोलले ते मी ऐकलं होतं."

तो खाली पाहून पायाने खडी सारू लागला. लोडरचा ड्रायव्हर मात्र पुढे आला आणि कागद मागून घेऊन स्वतः वाचू लागला, ओठ हलवत. परत देताना म्हणाला, "तो मानूस रोज सकाळी माझ्या लोडरची बॅटरी बी पाह्यचा. त्याचं काम नसून." एवढंच बोलून तो गेला. मालकांनी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. तो तिथून पुढे कुठे गेला मला माहीत नाही. म्हणून मी घरी दुसरी प्रत लिहिली, आणि म्हणून हेही लिहितो आहे.

संध्याकाळी मी शिरडला फोन लावला.

"वाचलं?" त्याने विचारलं.

"वाचलं."

"हँडल स्टार्टला होतं, असे शब्द वाचले, का नुसतं चुकलं चुकलं म्हनले?"

"तेच शब्द वाचले. दोनदा आले ते."

"कितीजन होते?"

"मालक धरून सहा-सात."

पलीकडे भांडी वाजत होती. तो म्हणाला, "त्या दिवशी बावीसजन होते. मालक, तुमी अन् मी सोडून. म्या मोजले होते, मिस्त्री. तुमी पिशवी भरून राहिले होते तवा."

"त्यातले आज दोनच होते," मी म्हणालो.

"मंग वीस ऱ्हायले."

मी म्हणालो, नावं सांगा. त्याने बायकोला हाक मारली आणि दोघांनी आठवून आठवून सांगितली, कोण कुठल्या गावचा, कोण कुठे गेला. मी लिहून घेतली. चार वारले आहेत, त्यांच्या घरच्यांना सांगायचं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सांगा. त्याइनं घरी जाऊन सांगितलंच असन की तवा." दोघं पुण्याकडे गेलेत, त्यांचा पत्ता अजून लागलेला नाही. वाशिमला तिघं आहेत, त्यातले दोघं भेटले. एकाने चहा पाजला, एकाने दारातूनच ऐकलं आणि म्हणाला, मला तर आठवतही नाही. मी त्यालाही पूर्ण वाचून दाखवलं. आजपर्यंत नऊ घरं झाली. मुलगा म्हणतो, या वयात बसच्या धक्क्यांनी काय मिळवता. मी कागदाची पिशवी उचलतो. घरी बसलो की हात अस्वस्थ होतात, गाडीत बसलो की थोडे थांबतात.

उद्या सेनगावला जायचं आहे. तिथला माणूस तेव्हा क्रशरवर खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर होता. त्याला आता ऐकू येत नाही असं कळलं, म्हणून त्याच्यासाठी कागद मोठ्या अक्षरात लिहून घेतला आहे. सकाळी पहिली गाडी साडेसहाला आहे.